ड्रायव्हरचा खासगी डेटा: एक पिशवी, एक खुंटी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शनिवारी दुपारी जेवणं उरकली की दादरला एका मित्राच्या घरी आम्ही पाच-सहा जण लिनक्स कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) कोड उघडून बसतो. कुणी व्हीजेटीआयमध्ये शिकणारा, कुणी अंधेरीला एम्बेडेडमध्ये नोकरी करणारा. ड्रायव्हरने आपला खासगी डेटा कुठे ठेवायचा हा विषय दर दोन शनिवारांनी नव्याने निघतो आणि तेच प्रश्न तितक्याच तावातावाने विचारले जातात. म्हणून हे पान. फंक्शनांची नावं आम्ही तोंडाने घेतो तशी लिहिली आहेत. कोडमध्ये अर्थात ती रोमनमध्ये सापडतील.

प्र. खासगी डेटा म्हणजे काहीतरी गुप्त असतं का?

नाही. पासवर्ड वगैरेशी याचा काडीचा संबंध नाही. ड्रायव्हर एखादं उपकरण चालवतो तेव्हा त्या उपकरणापुरत्या काही नोंदी त्याला हाताशी लागतात: रजिस्टरं मेमरीत कुठे मॅप केली, कुठलं लॉक धरायचं, चिपचे कॅलिब्रेशनचे आकडे, मागचं वाचन. बाकीचा कर्नल या नोंदींत डोकावत नाही, एवढ्याच अर्थाने त्या खासगी.

खरी अडचण त्या पुन्हा शोधण्याची. कर्नल तुमच्या फंक्शनला हाक मारतो तेव्हा हातात फक्त स्वतःची वस्तू देतो. कधी स्ट्रक्ट डिव्हाइसचा (कर्नलने ठेवलेल्या उपकरणाच्या नोंदीचा) पॉइंटर, म्हणजे पत्ता, कधी उघडलेल्या फाइलचा, कधी टायमरचा. तिथून आपल्या पिशवीपर्यंत, म्हणजे या नोंदी ठेवलेल्या स्ट्रक्टपर्यंत, कसं पोहोचायचं? ड्रायव्हरमधला निम्मा गुंता या एका प्रश्नाच्या चार-पाच वेगवेगळ्या उत्तरांनी झालेला असतो, आणि ती सगळी उत्तरं एकाच फाइलमध्ये नांदत असतात.

प्र. मग पिशवी टांगायची कुठे?

प्रत्येक स्ट्रक्ट डिव्हाइसमध्ये ड्रायव्हर_डेटा नावाचा एक व्हॉइड (टाइप नसलेला, कशाकडेही बोट दाखवू शकणारा) पॉइंटर असतो. ती खुंटी. डेव्ह_सेट_डीआरव्हीडेटाने टांगायचं, डेव्ह_गेट_डीआरव्हीडेटाने काढायचं.

नवशिक्यांना वाटतं की प्लॅटफॉर्म_सेट_डीआरव्हीडेटा, पीसीआय_सेट_डीआरव्हीडेटा, आय२सी_सेट_क्लायंटडेटा, एसपीआय_सेट_डीआरव्हीडेटा, यूएसबी_सेट_इंटफडेटा या वेगवेगळ्या जागा आहेत. नाहीत. नावं निराळी, आत तीच खुंटी. एका ड्रायव्हरमध्ये आम्ही पाहिलं होतं की प्लॅटफॉर्मवाल्या नावाने एक पॉइंटर टांगला होता आणि चार ओळींखाली डेव्हवाल्या नावाने दुसरा. लिहिणाऱ्याला वाटलं दोन खुंट्या आहेत. पहिली पिशवी अर्थातच खाली पडली होती.

प्र. ग्लोबल व्हेरिएबल ठेवलं तर एवढं काय बिघडतं? आमच्या बोर्डवर उपकरण एकच आहे.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून आमचीच फजिती सांगतो.

लॅमिंग्टन रोडवरून (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत कुणीच तसं म्हणत नाही) एक बीएमई२८० सेन्सर आणला. तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारी ही चिमुकली चिप. कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आधीपासून आहे, पण शिकायचं म्हणून आम्ही आपला लिहिला. या चिपची गंमत अशी की ती थेट अंश सेल्सिअस देत नाही. ती कच्चा आकडा देते, आणि प्रत्येक चिपच्या पोटात तिचे स्वतःचे कॅलिब्रेशनचे आकडे कोरलेले असतात: तापमानाचे ३, दाबाचे ९, आर्द्रतेचे ६. ते प्रोबमध्ये (उपकरण सापडल्यावर कर्नल ड्रायव्हरच्या ज्या फंक्शनला हाक मारतो त्यात) एकदा वाचायचे आणि दर वाचनाला सूत्रात घालायचे. आम्ही ते एका ग्लोबल स्ट्रक्टमध्ये ठेवले. शिवाय दाबाच्या सूत्राला तापमानाच्या सूत्रातला टी_फाइन नावाचा मधला आकडा लागतो. चिपच्या माहितीपत्रकातल्या नमुना कोडमध्ये तो ग्लोबल आहे, कारण तो नमुना एका चिपपुरताच आहे. आम्ही तो जसाच्या तसा उचलला. सहा महिने सगळं झकास.

पावसाळ्यात कुणीतरी दुसरा सेन्सर आणला. या चिपची एसडीओ पिन ग्राउंडला जोडली तर आय२सीवरचा (चिपा जोडायच्या दोन तारांच्या बसवरचा) पत्ता हेक्स ७६, सप्लायला जोडली तर ७७, त्यामुळे एकाच बसवर दोन सेन्सर आरामात बसतात. एक खिडकीत ठेवला, एक कपाटात. तापमानात फरक दिसला, आम्ही म्हटलं असणारच, खिडकीतून पाऊस आत येतोय. आर्द्रतेतही दिसला, तोही खपून गेला. मग मित्राच्या आईंनी पडद्याकडे बघत विचारलं, "अरे, एका खोलीत हवेचे दोन दाब कसे रे?"

फरक होता ७ हेक्टोपास्कलचा. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे आमच्या ड्रायव्हरच्या मते खिडकी तिसऱ्या मजल्यावर होती आणि कपाट तिच्याहून जवळजवळ वीस मजले वर. दुसऱ्या सेन्सरच्या प्रोबने पहिल्याचे कॅलिब्रेशनचे आकडे पुसून आपले लिहिले होते. शिवाय दोन प्रोग्रॅम एकाच वेळी वाचायला लागले की एकाचा टी_फाइन दुसऱ्याच्या सूत्रात शिरत होता. कर्नल पडला नाही, लॉगमध्ये एक ओळ आली नाही. आकडे फक्त चुकीचे येत होते, तेही विश्वास बसेल इतपतच.

तेव्हा बोर्डवर उपकरण एकच आहे, हे आजचं वाक्य आहे. ड्रायव्हरने ते गृहीत धरू नये.

प्र. मग ग्लोबल ॲरे करू? आठ उपकरणांपुरती?

नववं येईपर्यंत. शिवाय मधलं तिसरं काढलं की भोक पडतं, ते सांभाळायला लॉक लागतं, आणि मायनर नंबरावरून (उपकरणाच्या फाइलीच्या क्रमांकावरून) इंडेक्स काढायचा कोड कुणीतरी एकदा चुकवतोच.

कॅरेक्टर डिव्हाइसमध्ये (फाइलसारखं उघडून वाचायच्या-लिहायच्या उपकरणात) ॲरेची गरजच नसते. सीडेव्ह (त्याची कर्नलमधली नोंद) आपल्या स्ट्रक्टच्या आत ठेवा. ओपनमध्ये आयनोडमधून (कर्नलमधल्या फाइलच्या नोंदीतून) सीडेव्ह मिळतो, त्यावर कंटेनर_ऑफ लावला की आपला स्ट्रक्ट हातात, आणि तो फाइलच्या प्रायव्हेट_डेटात ठेवला की पुढे रीड-राइटला शोधाशोध नाही. मिसडिव्हाइस (छोट्या कॅरेक्टर डिव्हाइसांसाठीची तयार सोय) वापरत असाल तर ओपनला पोहोचण्याआधीच कर्नलने फाइलच्या प्रायव्हेट_डेटात मिसडिव्हाइसचा पॉइंटर ठेवलेला असतो. तिथूनच कंटेनर_ऑफ.

प्र. कंटेनर_ऑफ चांगलं की डीआरव्हीडेटा? ऑफिसात यावरून वाद झालाय.

वाद कशाला? कर्नलने हातात काय दिलं ते बघा.

दिलेली वस्तू तुमच्या स्ट्रक्टच्या पोटातच बसलेली असेल (वर्क_स्ट्रक्ट म्हणजे नंतर करायच्या कामाची नोंद, टायमर, सीडेव्ह) तर कंटेनर_ऑफ. ही निव्वळ वजाबाकी आहे: आतल्या वस्तूच्या पत्त्यातून तिचं अंतर वजा केलं की बाहेरच्या स्ट्रक्टचा पत्ता. काही साठवायला लागत नाही, म्हणून काही शिळंही होत नाही. दिलेली वस्तू दुसऱ्या कुणी बनवली असेल, म्हणजे बसने बनवलेला स्ट्रक्ट डिव्हाइस किंवा आय२सी क्लायंट, तर ती तुमच्या पोटात असूच शकत नाही. तिथे खुंटीला पर्याय नाही. सस्पेंड-रिझ्यूम (उपकरण झोपवणं-उठवणं) आणि रिमूव्ह (उपकरण सुटतानाचं फंक्शन) हे नेहमीचे खुंटीवाले.

दोन्हींचे धोके वेगळे आहेत आणि ते माहीत असावेत. कंटेनर_ऑफ आतल्या मेंबरचा टाइप तपासतो, पण तुम्ही दिलेला पॉइंटर खरोखर तुमच्याच स्ट्रक्टमधला आहे की कुठला तरी सुटा, हे त्याला कळायला मार्ग नाही. वजाबाकी करून तो मोकळा होतो. खुंटीचं दुखणं याहून वाईट. ती व्हॉइड पॉइंटर असल्यामुळे कंपायलर तोंडच उघडत नाही. प्रोबमध्ये टांगलं अ आणि सस्पेंडमध्ये काढताना म्हटलं ब, तरी एक वॉर्निंग येणार नाही. चुकीच्या जागेचे बाइट्स तुम्ही लॉक समजून धरणार, आणि लॅपटॉप झाकण लावल्यावर पुन्हा उठणार नाही.

म्हणून जुना ड्रायव्हर सोपा करताना टांगायची वस्तू बदललीत तर ती काढणारी झाडून सगळी ठिकाणं त्याच पॅचमध्ये बदला. सस्पेंड-रिझ्यूमचा कोड कॉन्फिगमध्ये बंद असेल तर तुमच्या मशीनवर तो कंपाइलच होत नसेल. तो चालू करून बघा.

प्र. सबसिस्टिम (नेटवर्क, ध्वनी असा कर्नलचा एकेक विभाग) स्वतःच जागा देते म्हणतात. म्हणजे?

नेटवर्क ड्रायव्हरमध्ये ॲलॉक_इथरडेव्हला तुमच्या स्ट्रक्टचा आकार सांगितला की नेट_डिव्हाइसबरोबर तुमचीही जागा येते, नेटडेव्ह_प्रिव्हने ती मिळते. सेन्सरांच्या आयआयओमध्ये आयआयओ_प्रिव्ह, डिस्क वगैरेंच्या स्कझीत एसहोस्ट_प्रिव्ह, ध्वनीच्या आल्सामध्ये कार्ड बनवताना जादा आकार सांगायची सोय. घराबरोबर कपाट मिळालंय.

आणि तरी लोक दुसरं कपाट विकत आणतात! मिळालेल्या जागेत फक्त एक पॉइंटर ठेवायचा, आणि तो दाखवणार वेगळ्या केझेडॲलॉकने (कर्नलकडे मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) घेतलेल्या स्ट्रक्टकडे. त्या स्ट्रक्टमध्ये पुन्हा उलटा पॉइंटर, आयआयओ डिव्हाइसकडे. खुंटीवर तिसरंच काहीतरी. तीन वस्तू एकमेकींकडे बोट दाखवत उभ्या, आणि एक सुटली तरी बाकीच्यांना पत्ता नाही. साफसफाईला सुरुवात करायची असेल तर इथून करा: दुसरं ॲलोकेशन काढा, स्ट्रक्ट सबसिस्टिमच्या जागेत आणा, खुंटीवर सबसिस्टिमची वस्तू टांगा. तिच्यावरून प्रिव्हपर्यंत एका पायरीत जाता येतं, त्यामुळे बहुतेक वेळा उलटा पॉइंटरही गळून पडतो.

बहुतेक वेळा म्हटलं, कारण वर्क किंवा इंटरप्टमधून (उपकरणाने प्रोसेसरला मारलेल्या हाकेतून) सबसिस्टिमची वस्तू खरंच हवी असेल तर तो पॉइंटर राहू द्या. एक पॉइंटर वाचवायला कोड वाकडा करू नये.

प्र. प्लॅटफॉर्म_डेटा हेच का?

नाही. तो बाहेरून ड्रायव्हरला दिलेला, बोर्डाची माहिती सांगणारा जुना मार्ग. आता ते काम बरंचसं डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय जोडलंय याचं वर्णन) करतं. त्यात आपलं काही लिहू नये.

प्र. चिपचे पाच प्रकार आहेत. प्रत्येकाची माहिती पिशवीत कॉपी करायची का?

प्रकाराची माहिती सगळ्यांना सारखी असते, ती कॉन्स्ट टेबलात ठेवा, डिव्हाइस_गेट_मॅच_डेटाने मिळवा, पिशवीत फक्त तिचा पॉइंटर. प्रोबमध्ये स्विच लावून वीस फील्ड भरणारा कोड दिसला की तो या टेबलात जायला आतुर आहे असं समजा. मात्र कॉन्स्ट काढून त्या टेबलात लिहू नका. दुसऱ्या दारातून ते पुन्हा ग्लोबल व्हेरिएबलच झालं.

प्र. डेव्हएम_केझेडॲलॉक वापरलं की मेमरीची कटकट संपली ना?

अर्धी संपली.

२००७ साली कर्नलमध्ये डेव्हरेस आलं. त्याच्यामुळे प्रोब फसला किंवा ड्रायव्हर उपकरणापासून सुटला की डेव्हएमने (नाव डेव्हएमने सुरू होणाऱ्या फंक्शनांनी) घेतलेल्या गोष्टी आपोआप परत जातात, घेतल्या त्याच्या उलट्या क्रमाने. चूक झाल्यावर आवराआवर करणाऱ्या गोटूंची ती उतरती रांग, एरर१, एरर२, एरर३, गेली. चांगलंच झालं. क्रम उलटा असतो याची मात्र आठवण ठेवा. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि ज्या बफरला तो हात लावतो तो रिमूव्हमध्ये स्वतःच्या हाताने मोकळा केलात, तर रिमूव्ह आधी चालतं आणि डेव्हएमची आवराआवर नंतर. मधल्या क्षणात इंटरप्ट आला की तो गेलेल्या बफरवर लिहितो. त्या साखळीत एकतर सगळं डेव्हएम, नाहीतर सगळं हाताने. सरमिसळ करायचीच असेल तर डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रीसेट आहे.

आता उरलेली अर्धी. डेव्हएमचं आयुष्य ड्रायव्हर जोडलेला असेपर्यंत. उघडलेल्या फाइलचं आयुष्य प्रोग्रॅम ती बंद करेपर्यंत. ही दोन आयुष्यं एक नाहीत. यूएसबीचं उपकरण वाचन चालू असताना खेचून काढलं की रिमूव्ह चालतं, डेव्हएम पिशवी मोकळी करतो, आणि प्रोग्रॅमच्या हातात फाइल तशीच उघडी. पुढचा रीड थेट मोकळ्या केलेल्या मेमरीत. खोली रिकामी करून चावी परत दिली, पण दूधवाला अजून रोज सकाळी त्याच दारात पिशवी ठेवून जातोय.

अशा ड्रायव्हरमध्ये साधं केझेडॲलॉक आणि केरेफ (किती जण वापरताहेत ते मोजणारा आकडा): प्रोबचा एक हिस्सा, प्रत्येक उघड्या फाइलचा एक, शेवटचा सुटेल तेव्हा मोकळं करा. सोबत लॉकखाली तपासलेला 'उपकरण गेलं' असा झेंडा, म्हणजे रीड मरणार नाही, सभ्यपणे एरर देऊन परतेल. युजरस्पेसला थेट फाइल न देणाऱ्या ड्रायव्हरला एवढं लागत नाही. तिथे डेव्हएम डोळे झाकून नाही, पण एक डोळा झाकून चालेल.

प्र. प्रोबमध्ये डीआरव्हीडेटा शेवटी सेट केला तर?

तर कधीतरी मध्यरात्री फोन येईल. इंटरप्ट मागितला की तो त्याच क्षणी येऊ शकतो. बूटलोडरने उपकरण आधीच चालू ठेवलेलं असू शकतं. सिसएफएसच्या (कर्नल उपकरणांची माहिती दाखवतो त्या) फाइली दिसायला लागल्या की कुणीतरी त्या वाचतोच. तेव्हा खुंटीवर काही नसेल तर नल (रिकामा पॉइंटर) मिळणार आणि कर्नल तिथेच कोसळणार. पिशवी भरा, लॉक तयार करा, खुंटीवर टांगा, मग इंटरप्ट, मग जगाला दाखवणारं रजिस्ट्रेशन सगळ्यांत शेवटी. इंटरप्टच्या हँडलरला तर खुंटीचीही गरज नाही. रिक्वेस्ट_आयआरक्यूचा शेवटचा आर्ग्युमेंट पिशवीसाठीच आहे.

प्र. रिमूव्हमध्ये खुंटीवर नल टांगायचं का? सगळ्या जुन्या ड्रायव्हरांत दिसतं.

नको. २०१२ पासून ड्रायव्हर सुटल्यावर किंवा प्रोब फसल्यावर कर्नलचा गाभा स्वतःच नल करतो. ती ओळ काढणं हा पहिल्या पॅचसाठी उत्तम विषय आहे. काढण्याआधी एवढंच बघा की कुणी त्या नलचाच झेंडा म्हणून वापर तर करत नाहीये ना.

प्र. डेव्ह_सेट_डीआरव्हीडेटाने दिलेली एरर तपासायला हवी का?

ते फंक्शन आता व्हॉइड आहे. मधली काही वर्षं ड्रायव्हर_डेटा हा स्ट्रक्ट डिव्हाइसमधून काढून एका वेगळ्या आतल्या स्ट्रक्टमध्ये नेला होता. त्यामुळे नुसता पॉइंटर टांगायलाही मेमरी मागावी लागे, ती मिळाली नाही तर एरर, आणि डिव्हाइस पुढे बनलंच नाही तर ती मेमरी कधीच परत येत नसे. २०१४ मध्ये फील्ड मूळ जागी परत आणलं. खासगी डेटा सोपा करण्याची वेळ खुद्द गाभ्यावरही आली होती, हे आम्हाला मनापासून आवडतं.

प्र. स्ट्रक्टमधलं काय काढावं?

माळ्यावरचं सामान बघतो तसं बघा. प्रत्येक फील्ड कुठे लिहिलं जातं आणि कुठे वाचलं जातं ते ग्रेपने शोधा. लिहिलंय पण कुणी वाचतच नाही, काढा. फक्त प्रोबमध्ये वाचलंय, लोकल व्हेरिएबल करा. इंटरप्टचा नंबर बऱ्याचदा यातला. डिव्हाइसचा पॉइंटर आणि क्लायंटचा पॉइंटर दोन्ही आहेत, एक पुरे, कारण क्लायंटमध्ये डिव्हाइस असतोच.

एका ठिकाणी मात्र कंजूषपणा नको. डीएमएसाठीचा (उपकरण थेट मेमरीत वाचतं-लिहितं त्यासाठीचा) बफर स्ट्रक्टमध्ये असेल तर त्याला स्वतःची कॅशलाइन (प्रोसेसर मेमरी एका वेळी उचलतो तो तुकडा) द्या. आयआयओमध्ये अलाइनमेंटसाठी तयार मॅक्रो आहे. चार बाइट वाचवायला तो बफर उचलून लॉकशेजारी बसवला तर काही मशीनांवर शेजारची फील्ड अधूनमधून जुनी होतील. आणि तो बफर स्टॅकवर तर अजिबात नेऊ नका.

प्र. हार्डवेअर नाही. तपासू कसं?

क्यूएमूमध्ये (सॉफ्टवेअरने बनवलेल्या खोट्या मशीनमध्ये) एज्यू नावाचं पीसीआय उपकरण खास शिकण्यासाठी ठेवलंय. त्याची दोन नगं लावा. एकाने ग्लोबलची चूक सापडत नाही, हे वर आलंच. केसॅन आणि केमेमलीक (मेमरीच्या चुका आणि गळती पकडणारी साधनं) चालू असलेला कर्नल घ्या. मग सिसएफएसमधल्या अनबाइंड आणि बाइंड या फाइलींत उपकरणाचं नाव आलटून पालटून लिहिणारा लूप शंभर वेळा फिरवा, आणि तो फिरत असताना दुसऱ्या टर्मिनलमधून फाइल उघडी ठेवून वाचत रहा. स्लॅबचं पॉइझनिंग (मोकळी केलेली मेमरी ठरावीक बाइटने भरून ठेवणं) चालू असेल आणि कोसळल्यावर पत्त्यात सिक्स-बी सिक्स-बी अशी माळ दिसली, तर मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लागलाय हे नक्की. शेअर्ड इंटरप्ट असेल तर डीबग_एसएचआयआरक्यू हा पर्यायही लावा. हँडलर सोडताना गाभा मुद्दाम एक खोटा इंटरप्ट पाठवतो.

प्र. पॅच पाठवताना?

एका पॅचमध्ये एकच बदल. कशावर तपासलं ते लिहा, आणि नुसतं कंपाइल केलं असेल तर तसं लिहा, त्यात कमीपणा नाही. एकच बदल पन्नास ड्रायव्हरांत असेल तर कॉक्सिनेल (असा बदल अनेक फाइलींत आपोआप करणारं साधन) शिका.

प्र. कामावर एक जुना ड्रायव्हर आहे. चाळीसेक ग्लोबल, सात हजार ओळी, लिहिणारा नोकरी सोडून गेलाय. सुरुवात कुठून करू?

नव्याने लिहायचा मोह आवरा. पहिल्या पॅचमध्ये सगळे ग्लोबल एका स्ट्रक्टमध्ये गोळा करा, आणि त्या स्ट्रक्टचं एकच स्टॅटिक नग ठेवा. वागणूक तीच, फक्त नावांआधी ते नग आणि टिंब. पॅच कंटाळवाणा होईल, तसाच हवा. मग खालच्या पातळीच्या फंक्शनांपासून एकेक घेऊन पहिला आर्ग्युमेंट म्हणून पिशवीचा पॉइंटर द्या. आत स्टॅटिक नगाचं नाव उरता कामा नये. रोज पाच-सहा फंक्शनं झाली तरी पुष्कळ, आणि प्रत्येक टप्प्यावर ड्रायव्हर चालत राहतो, त्यामुळे मॅनेजरने मध्येच दुसरं काम दिलं तरी काही अडत नाही. वरपर्यंत पोहोचलात की कॉलबॅक उरतील. त्यांना खुंटी किंवा कंटेनर_ऑफ. शेवटच्या पॅचमध्ये स्टॅटिक नगाची ती एक ओळ खोडा, प्रोबमध्ये ॲलोकेशन घाला आणि कंपाइल करा. कंपायलर ज्या ज्या ओळींवर ओरडेल, तेवढ्याच राहिल्या आहेत.